गाडी ऑइल खाते, पण कुठून?

बोनेटखाली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची पेट्रोल गाडी १६ वर्षांची आहे, रनिंग १,४२,००० किलोमीटर. गेल्या वर्षभरापासून ऑइल कमी होऊ लागलंय. सर्व्हिसिंगनंतर दोन-अडीच महिन्यांत पट्टीवर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली जातं आणि लिटरभर ओतावं लागतं. सकाळी पहिल्यांदा चालू केली की सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, दहा-पंधरा सेकंदांत थांबतो. गाडी उभी असते तिथे खाली डाग नाही. पिकअप पूर्वीसारखाच आहे. गॅरेजमध्ये दाखवली, तर नुसता धूर बघून "रिंगा गेल्या, इंजिन काम काढावं लागेल" म्हणाले. प्लग काढले नाहीत, काही मोजलं नाही. गाडी वडिलांची. ते गेल्यापासून मी चालवते. मोडीत काढायचं मनात नाही आणि इंजिन उघडायला धीर होत नाही. काय करू?

उत्तर : ताई, इंजिन इतक्यात उघडू देऊ नका. तुम्ही सकाळच्या धुराचं जे वर्णन केलंय, ते रिंगांपेक्षा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांपेक्षा, वॉल्व सीलकडे बोट दाखवतं. पण मीही गाडी न बघता बोलतोय, म्हणून माझं म्हणणंसुद्धा तपासूनच घ्या. कसं तपासायचं ते सांगतो.

आधी सकाळचा धूर. इंजिनच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, वॉल्व वर-खाली होतात. प्रत्येक वॉल्वची दांडी एका गाइडमधून सरकते आणि गाइडच्या तोंडावर बोटाच्या पेराएवढी रबरी टोपी असते. तेच वॉल्व सील. त्याच्या भोवती कायम ऑइल असतं, दांडीला वंगण मिळावं इतपतच खाली जाऊ द्यायचं हे सीलचं काम. वर्षानुवर्षं तापून रबर कडक होतं. मग गाडी रात्रभर उभी असताना ऑइल दांडीवरून थेंब थेंब खाली उतरतं. सकाळी स्टार्टर मारला की ते जळतं, निळा धूर निघतो आणि साठलेलं संपलं की थांबतो. रिंगांचा धूर असा वेळ बघून येत नाही. तो इंजिनवर जोर आला की येतो, चढावर, ओव्हरटेक करताना, आणि पाय दाबलेला असेपर्यंत मागे येत राहतो.

नवं वॉल्व सील दोन बोटांत दाबलं तर दबतं आणि सोडल्यावर लगेच पूर्वीसारखं होतं. जुन्या गाडीतून काढलेलं सील मी बऱ्याचदा मालकाच्याच हातात देतो. ते शर्टाच्या बटणासारखं टणक लागतं, नखाने दाबलं की तडकतं. हे एकदा हाताला कळलं की ऑइल कुठून जात होतं ते वेगळं समजावावं लागत नाही.

आता एक परीक्षा करा. लांब उतार असलेल्या रस्त्यावर गाडी गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढा आणि किलोमीटरभर तशीच उतरू द्या. उतार संपला की पाय दाबा. मागच्या गाडीत ओळखीचं कुणीतरी असू द्या, त्यांना सायलेन्सरकडे बघायला सांगा. दाबल्याबरोबर निळा लोट येऊन गेला, तर वॉल्व सील किंवा गाइड. पाय काढलेला असताना थ्रॉटल (हवेची झडप) बंद असतो, इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेत, जोरदार ओढ तयार होते आणि ती ओढ सैल सीलमधून ऑइल खाली खेचते. तोच लोट चढावर, सतत आणि गाडी चांगली तापलेली असताना दिसला, तर रिंगांचा संशय धरा.

निळा म्हणजे निळाच ना, तेही नीट बघा. काळा धूर जास्तीच्या पेट्रोलचा असतो. पांढरा आणि टिकून राहणारा धूर कूलंटचा असू शकतो, त्याला गोडसर वास येतो. थंड सकाळी दोन-चार मिनिटं दिसणारी वाफ मात्र नुसती वाफ असते, तिला घाबरू नका.

यापेक्षाही आधी करायचं काम म्हणजे मोजणं. "दोन-अडीच महिन्यांत लिटरभर" हे माप नाही. त्या काळात गाडी १,००० किलोमीटर फिरली की ४,०००, यावर सगळं ठरतं. सपाट जागी गाडी उभी करा. इंजिन गरम असू दे, बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये, इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरेल. पट्टी काढा, स्वच्छ पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढून बघा. वरच्या खुणेपर्यंत भरा, त्यापुढे एक थेंब नको. मीटरचा आकडा वहीत लिहा. १,००० किलोमीटर झाल्यावर त्याच जागी, तशाच पद्धतीने बघा आणि वरच्या खुणेपर्यंत यायला किती मिलिलिटर लागलं ते मापाच्या भांड्याने मोजून लिहा. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण लिटरभर ऑइल मावतं, पण तुमच्या गाडीचं नेमकं माप पुस्तिकेत बघून घ्या.

किती म्हणजे जास्त? काही कंपन्यांच्या पुस्तिकांत १,००० किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा धरलेला असतो, काहींत त्याहूनही जास्त. माझा स्वतःचा हिशोब असा, की १६ वर्षांच्या इंजिनने १,००० किलोमीटरला पाव लिटर घेतलं तर ओतत राहा आणि चालवा. अर्ध्या लिटरच्या पुढे गेलं तर कारण शोधा. लिटरभर जात असेल तर थांबू नका, कारण जळालेल्या ऑइलमधला फॉस्फरस सायलेन्सरच्या लाइनमधला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतो.

मोजताना एक गोष्ट फसवते. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही आणि थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहतं. पट्टीवर पातळी छान दिसते. मग एखाद्या लांबच्या प्रवासात इंजिन तापतं, ते पेट्रोल उडून जातं आणि पातळी एकदम खाली आलेली दिसते. लोकांना वाटतं हायवेवर गाडीने ऑइल प्यायलं. खरं तर ते आधीच गेलेलं असतं. पट्टी नाकाशी धरा, पेट्रोलचा वास येत असेल तर मोजणी ताज्या ऑइलवर नव्याने सुरू करा.

आता ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आत साठणारा गॅस बाहेर काढायची वाट. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या हातून यातच मोठी चूक झाली आहे. गॅरेजमध्ये मला चार-पाच वर्षं झाली होती. ऑइल खाणारी एक गाडी आली. मी धूर पाहिला, इंजिन उतरवलं, रिंगा बदलल्या, सगळं नीट बसवलं. महिनाभरात ती गाडी तसाच धूर सोडत परत आली. मालक काही बोलले नाहीत, नुसते बाजूला उभे राहिले. वस्तादांनी बोनेट उघडलं, टॅपेट कव्हरवरचा, म्हणजे हेडच्या झाकणावरचा, रबरी पाइप ओढला, त्याच्या टोकातला अंगठ्याएवढा वॉल्व काढला आणि कानाशी धरून हलवला. मग माझ्या कानाशी हलवला. आवाज नाही. नवा वॉल्व आणून तसाच हलवला, आतली गोळी टिकटिक वाजली. धूर त्या एवढ्याशा वॉल्वने थांबला. त्या मालकांचा खर्च आणि गाडीविना गेलेले दिवस मला अजून आठवतात. तेव्हापासून ब्रीदर पाहिल्याशिवाय मी एकही हेड खोललेलं नाही.

असं का होतं? रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा गॅस पिस्टनच्या बाजूने खाली चेंबरकडे उतरतोच. आपण त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. त्याला वाट हवी, म्हणून ब्रीदरच्या पाइपातला हा छोटा वॉल्व, म्हणजे पीसीव्ही वॉल्व, त्याला इनटेकमध्ये नेऊन पुन्हा जाळायला देतो. वॉल्व काजळीने बंद झाला तर आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून, सीलमधून, पॅकिंगमधून बाहेर ढकललं जातं. उघडाच अडकला तर इनटेक ऑइलची वाफ सतत ओढत राहतं. दोन्हीकडून ऑइल कमीच होतं.

तुम्ही स्वतः इतकं बघू शकता. गाडी आयडलला चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि त्याच भोकावर ठेवा. थोडी वाफ आली तर ठीक. झाकण थडथड उडायला लागलं, तोंडावर धुराचे फुत्कार आले तर ब्रीदर तुंबलाय किंवा बॅक कॉम्प्रेशन खरंच वाढलंय. झाकण काढल्यावर काही इंजिनं अडखळतात, तो दोष नाही. सगळ्या गाड्यांत सुटा वॉल्व नसतो. काहींत टॅपेट कव्हरमध्येच रबरी पडदा असतो. तो फाटला तर शिटीसारखा आवाज येतो आणि झाकण आतून कुणी धरून ठेवल्यासारखं घट्ट बसतं. ब्रीदरचा पाइपही दाबून बघा, आत काळा गाळ साठून तो चपटा किंवा कडक झालेला असतो. इनटेकच्या नळीत स्वच्छ कपडा फिरवा. ऑइलचा पुसट थर चालतो, कपडा चिंब होऊन निघाला तर ऑइल याच वाटेने जातंय.

ब्रीदर ठीक निघाला तर प्लग. सगळे प्लग काढायला सांगा आणि कुठला कुठून काढला ते नंबर घालून ओळीने मांडायला सांगा. एकच ओला, काळा, तेलकट असेल तर दोष त्याच सिलिंडरमध्ये. प्लगच्या एकाच बाजूला खरवडीसारखा जाड थर चिकटलेला असेल आणि ती बाजू इनटेक वॉल्वच्या दिशेची असेल, तर पुन्हा वॉल्व सीलकडेच बोट जातं. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे. गॅरेजने ते न करता इंजिन काम सांगितलं, हे मला पटलेलं नाही.

वॉल्व सीलच निघाले तर बहुतेक इंजिनांत हेड उतरवावं लागत नाही. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा भरतात, त्या दाबाने वॉल्व जागेवर राहतात. मग स्प्रिंग दाबून लॉक काढायचे आणि सील बदलायचे. मिस्त्रींना एवढंच सांगा, की सील काढल्यावर वॉल्वची दांडी बोटाने आडवी हलवून बघा. हलत असेल तर गाइड झिजलंय, नवं सीलही तिथे फार टिकणार नाही आणि मग हेड उतरवण्याला अर्थ आहे.

तोवर दर ५०० किलोमीटरला पट्टी बघा. डॅशबोर्डवरच्या लाल ऑइलच्या दिव्यावर विसंबू नका. तो पातळी सांगत नाही, दाब पडला की लागतो. तो लागला तर घर समोर दिसत असलं तरी इंजिन तिथेच बंद करा. वडिलांची गाडी चालती राहावी असं मलाही मनापासून वाटतं. वहीतला पहिला १,००० किलोमीटरचा आकडा आला की जरूर कळवा.

प्रश्न : ५डब्ल्यू-३० ऐवजी २०डब्ल्यू-५० ग्रेडचं ऑइल घातलं तर खप थांबेल का?

उत्तर : थांबणार नाही, कमी झाल्यासारखा वाटेल. शेवटचा आकडा गरम इंजिनात ऑइल किती दाट राहील ते सांगतो. दाट ऑइल सैल फटीतून सावकाश जातं, इतकंच. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनाचा. तिथे २० म्हणजे स्टार्ट केल्यावर ऑइल वरपर्यंत पोचायला उशीर, आणि गाडी चालू करण्याच्या त्या क्षणांतच बरीच झीज होते. तुमच्या इंजिनात व्हेरिएबल वॉल्व टायमिंग (वॉल्व उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) असेल तर त्याच्या बारीक वाटांना इतकं दाट ऑइल मानवत नाही. पुस्तिकेत ज्या ग्रेड चालतात म्हणून दिलंय त्यांतली सर्वांत दाट घ्या, त्यापलीकडे जाऊ नका.

प्रश्न : माझ्या गाडीचं कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये १२ बारच्या आसपास आहे. वॉल्व सील बदलले, पीसीव्ही नवा आहे, गळती नाही. तरी १,००० किलोमीटरला मोजून ८०० मिलिलिटर ऑइल जातं. धूरही दिसत नाही. मिस्त्री म्हणतात, कॉम्प्रेशन चांगलं म्हणजे रिंगा चांगल्या. मग ऑइल जातं कुठे?

उत्तर : दादा, तुम्ही मोजून लिहिलंत त्याबद्दल आधी धन्यवाद. तुमचे मिस्त्री अर्धं बरोबर आहेत. पिस्टनवर साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन धरतात, तिसरी ऑइल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून खाली पाठवते. कॉम्प्रेशन गेज वरच्या दोघींबद्दल बोलतं, तिसरीबद्दल काहीच सांगत नाही. उलट सिलिंडरमध्ये ऑइल जास्त असेल तर तेच फटी बुजवतं आणि आकडा आहे त्याहून चांगला येतो. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा कॉम्प्रेशन घेतात, त्यामागचं तत्त्व हेच. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वॉल्व किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग).

ऑइल रिंग झिजण्याआधी बहुधा चिकटते. तिच्या खाचेत बारीक भोकं असतात, खरवडलेलं ऑइल त्यातून खाली परत जातं. ऑइल बदलायला उशीर होत गेला की ही भोकं जळक्या राळेने बुजतात. पिस्टन बाहेर काढल्यावर मी बारीक तारेने ती एक एक मोकळी केली आहेत. आतून डांबरासारखं काळं निघतं आणि रिंग खाचेत इतकी घट्ट बसलेली असते, की बोटाने ढकलली तरी हलत नाही. धूर न दिसण्याचं कारणही सांगतो. रोज थोडं थोडं जळणारं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये बरंचसं जळून जातं, मागे डोळ्यांना दिसेल असं फारसं उरत नाही.

पिस्टन काढण्याआधी एक उपाय करून बघा. ऑइल बदलायची वेळ आली की, नवं ऑइल भरण्याआधी, कोमट इंजिनचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये कार्बन विरघळवणारं द्रव घाला आणि रात्रभर राहू द्या. सकाळी प्लग न लावता, इग्निशन आणि पेट्रोलची लाइन बंद ठेवून, भोकांवर कपडा टाकून स्टार्टर मारा, म्हणजे उरलेलं द्रव बाहेर उडेल. ही पायरी कधीही गाळू नका. द्रव दाबलं जात नाही, प्लग लावून स्टार्टर मारला तर पिस्टनची दांडी, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकू शकतो. मग चेंबर पूर्ण रिकामा करा, ऑइल आणि फिल्टर नवे घाला आणि दोनदा १,००० किलोमीटर मोजा. मी हे केलेल्या सगळ्याच गाड्या सुधारल्या असं नाही, पण ज्या सुधारल्या त्यांचं इंजिन उघडायची वेळ आली नाही. ऑइल बदलण्याचं अंतर मात्र यापुढे कमीच ठेवा.

फरक पडलाच नाही तर पिस्टन काढावे लागतील. तेव्हा नुसत्या रिंगा बदलून देऊ नका. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजून घ्या. बोअर ठीक असेल तर होनिंग करून भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी पाडायलाच हवी. गुळगुळीत भिंतीवर नव्या रिंगा बसत नाहीत आणि खप होता तसाच राहतो.

प्रश्न : इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल ठिबकतंय. क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं सांगतात.

उत्तर : असेलही. पण ऑइल वरून खाली वाहतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे सरकतं. थेंब जिथे पडतो तिथेच ते गळतं असं नाही. टॅपेट कव्हरचं पॅकिंग मागच्या कोपऱ्यात गळलं तर ते ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून नेमकं याच सांध्यातून ठिबकतं. ऑइल प्रेशर स्विच मागच्या बाजूला असेल तर तोही हेच करतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग काही बोल्ट काढून बदलता येतं. गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे पूर्ण दिवसाचं काम.

इंजिन थंड असताना डिग्रीझरने ती बाजू स्वच्छ करा, कोरडी होऊ द्या आणि सांध्यावर व त्याच्या वरच्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरा. १५-२० किलोमीटर चालवून या आणि टॉर्च लावून बघा. पावडरीवर ओली रेघ दिसेल, तिच्या सर्वांत वरच्या टोकाशी गळती आहे. रात्री खाली पुठ्ठा अंथरून ठेवलात तर डागांची जागाही कळेल. हो, आणि ब्रीदर तपासाच. आत दाब साठलेला असेल तर नवं सीलही काही दिवसांत गळायला लागेल. पावडरीवरची रेघ कुठून निघाली त्याचा फोटो पाठवा, म्हणजे गिअरबॉक्सला हात लावायचा की नाही ते सांगतो.